मलिक अंबर आपला कोण?

आमच्या पारोळ्याचा माणूस कुठेही भेटू द्या, गावाचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी झाशीच्या राणीवर येते. हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली बांधलेला किल्ला, भोवतीचा खंदक, आणि मग आवाज जरा चढवून, "राणीचं सासर आमच्याकडचं बरं का! नेवाळकर पारोळ्याचे!" राणी जन्मली काशीला, वाढली बिठूरला, लढली झाशीला आणि पडली ग्वाल्हेरला. पण सासरच्या घराण्याचा धागा आमच्या गावाशी जुळतो, तेवढ्यावर ती आमची. मला यात काही गैर वाटत नाही. आपलं माणूस असंच ठरतं. नात्याचा एखादा धागा सापडला की आपण तो घट्ट धरतो.

मग मला प्रश्न पडतो, की ज्याचा धागा याच्या दसपट जाड आहे, त्या मलिक अंबरला आपण "आमचा" का म्हणत नाही?

विषय डोक्यात घोळायला लागला तो एका शब्दामुळे. माझा भाचा रंगाने सावळा, केस कुरळे. शाळेत पोरं त्याला "ए हबशी" म्हणून हाक मारायची. एका सुट्टीत आला तेव्हा मला विचारतो, "मामा, हबशी म्हणजे काय हो?" त्याला वाटत होतं ती एखादी घाणेरडी शिवी आहे. ताई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "जाऊ दे रे, नको सांगू त्याला, उगाच मनाला लावून घेईल." मी म्हटलं, नाही ताई, सांगायलाच पाहिजे. आणि मग त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया आणि आसपासचा मुलूख. तिथला तो हबशी. म्हणजे कोकणातला तो कोकणी तसंच. शिद्दी हा दुसरा शब्द. तो अरबी "सय्यिदी"वरून आला असं मानतात, आणि त्याचा अर्थ "माझे धनी"! ज्या शब्दाचा अर्थ मालक, तो ज्यांना चिकटला त्यांतले कितीतरी लोक गुलाम म्हणून विकले गेलेले होते. इतिहास कधी कधी अशी थट्टा करतो.

अंबर त्यांतलाच. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथिओपियात जन्मला. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, एका धन्याकडून दुसऱ्याकडे असं करत बगदादला पोचला. तिथल्या धन्याने त्याला लिहायला-वाचायला, हिशेब करायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे दख्खनमध्ये आणून त्याला विकलं. घेणारा होता अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, आणि गंमत म्हणजे हा पेशवासुद्धा मूळचा हबशी गुलामच. १५७० च्या दशकात चंगीझखान मारला गेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. काही वर्षं तो विजापूरकरांकडे राहिला, "मलिक" ही पदवी मिळवली, आणि मग परत निजामशाहीत आला.

गुलामीचं कौतुक करण्यासारखं यात काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एक अंबर मोठा झाला म्हणून आईबापांपासून तोडून विकलेल्या हजारो पोरांचं दुःख कमी होत नाही. त्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता आपल्या खानदेशाकडे या. १६०१ मध्ये असीरगड पडला, फारुकींचं राज्य बुडालं आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १६०० मध्ये, अहमदनगरचा किल्ला पडला होता. सगळ्यांना वाटलं निजामशाही संपली. अंबरला तसं वाटलं नाही. त्याने निजामशाही घराण्यातला एक वारस शोधून परांड्याला गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं त्या मोडक्या राज्याच्या जिवावर अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांना दख्खनेत सुखाने पाय ठेवू दिला नाही. मोगलांचा तळ बुऱ्हाणपुरात, अंबर सह्याद्रीच्या बाजूला, आणि मधे आपण! अजिंठ्याचे डोंगर उतरलं की खानदेश. दोन्हीकडच्या घोड्यांच्या टापांखाली इथली शेतं किती वेळा तुडवली गेली असतील याचा विचार करा.

१६२० मध्ये तर अंबरच्या फौजांनी थेट बुऱ्हाणपूरला वेढा घातला. आत अडकलेला मोगल सरदार कोण असेल? अब्दुर्रहीम खानखानान. शाळेत हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे आपण पाठ केले तोच रहीम! अंबरच्या मराठी स्वारांनी पार नर्मदा ओलांडून माळव्यात धडक मारली. शेवटी शाहजहानला मोठी फौज घेऊन यावं लागलं तेव्हा कुठे वेढा उठला.

हे स्वार कोण होते? आपलेच. समोरासमोर लढायचं नाही, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात पसार व्हायचं... ही पद्धत अंबरने मराठी घोडेस्वारांच्या बळावर फार मोठ्या प्रमाणावर वापरली. वेरूळचे भोसले निजामशाहीतलेच. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा अंबरने तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीत पाणी आणि चिखल करून टाकला, आणि मग हल्ला चढवून त्यांचा धुव्वा उडवला. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते. राजांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. पुढे शहाजीराजांचं आणि अंबरचं बिनसलं हेही खरं. पण शिवरायांच्या वडिलांच्या तरुणपणातली एक मोठी लढाई एका हबशी सेनापतीच्या हाताखाली झाली, हे आपण पोरांना किती ठळकपणे सांगतो?

आमच्या लहानपणी गोष्टींत हबशी भेटायचा तो दोनच ठिकाणी. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आणि जंजिऱ्याचा सिद्दी. दोन्ही शत्रू. पण त्याच १६६० मध्ये पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर जो गेला तो सिद्दी हिलाल शिवरायांच्याच चाकरीतला होता, आणि त्याचा मुलगा त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. वेढा घालणाराही हबशी आणि आपल्या राजासाठी पोटचा पोर पणाला लावणाराही हबशी. गोष्टीत मात्र पहिलाच राहिला.

अंबर नुसता लढवय्या असता तर कदाचित मीही एवढं लिहिलं नसतं. मला भावतो तो त्याचा कारभार. त्याने जमिनीची मोजणी केली, प्रतवारी लावली आणि पिकाच्या हिशेबाने सारा ठरवला. सारावसुली मक्त्याने देण्याची पद्धत बंद केली, गावच्या पाटील-कुलकर्ण्यांची व्यवस्था मजबूत केली. आपण सगळे शेतकऱ्यांचीच पोरं, मक्तेदार वसुलीला दारात आला म्हणजे काय होतं हे सांगायला नको. शेत कसं पिकलं ते बघून मग सारा, ही साधी गोष्ट वाटते, पण चारशे वर्षांपूर्वी ती करून दाखवणं साधं नव्हतं.

आणि पाणी! १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. कोरड्या जागी शहर वसवायचं तर पाणी हवं, म्हणून जमिनीखालून नहर काढली. ती नहर-ए-अंबरी. पाणी उताराने आपोआप वाहतं, ना मोट ना रहाट. त्याच दशकात तिकडे बुऱ्हाणपुरात खानखानानच्या काळात जमिनीखालून पाणी आणणारा कुंडी भंडारा झाला. बघा, दोन वैरी एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि दोघांच्याही गावात जमिनीखाली पाण्यासाठी खोदकाम चाललेलं.

तो संत नव्हता. गादीवरच्या निजामशहाला त्याने मुठीत ठेवलं, आड येणाऱ्यांना सोडलं नाही, स्वतःही हबशी गुलाम विकत घेऊन फौज उभी केली. १६१७ साली पीटर व्हान डेन ब्रूक नावाचा एक डच व्यापारी त्याच्या छावणीत जाऊन आला. उंच, धिप्पाड, करारी चेहऱ्याचा माणूस आणि कडक शिस्त, असं वर्णन त्याने लिहून ठेवलं आहे.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत अंबरचा उल्लेख जिथे जिथे केला, तिथे त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या घातल्या आहेत. एवढंच नाही, तर अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं जहांगीरच्या हाती कधीच लागलं नाही. १६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, अंबर आपल्या मुलखात अंथरुणावर मेला. तेव्हा मोगलांच्याच बखरकाराने, मुतमदखानाने, कबूल केलं की युद्धात आणि कारभारात या माणसाला तोड नव्हती.

मी भाच्याला एवढंच म्हणालो, "बेटा, ज्याला हरवता येत नाही त्याच्या रंगावर बोलायची सवय जुनी आहे. बादशहाची गेली नाही, तर वर्गातल्या पोरांची कुठून जाणार?" तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग बांध कसा फोडला ते परत सांगा म्हणाला.

आफ्रिका आपल्याला फार लांबची वाटते. पण आपल्या ताटात बघा. ज्वारी आणि बाजरी दोन्ही मूळच्या आफ्रिकेतल्या, हजारो वर्षांपूर्वी इकडे आल्या. चवळी तिकडची. चिंचेला अरबांनी "हिंदी खजूर" म्हटलं, पण झाड मूळचं आफ्रिकेतलंच. आपली कळण्याची भाकरीसुद्धा निम्मी तिकडचीच की! तिला आपण परकी म्हणतो का? इथल्या मातीत रुजली, इथल्या माणसांना जगवलं, झाली आपली. अंबरलाही हाच न्याय लावा. त्याची हाडं याच मातीत आहेत.

दर श्रावणात आपल्याकडची कितीतरी मंडळी चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वेरूळला घृष्णेश्वराला जातात. तिथून खुलताबाद चार-पाच किलोमीटर. लोक औरंगजेबाची कबर कुठे म्हणून विचारतात. त्याच गावात मलिक अंबरचा घुमट आहे, दगडी, भक्कम, फारसं कुणी न फिरकलेला. यंदा जाल तेव्हा अर्धा तास काढा आणि पोरांना बरोबर न्या. आणि कुणी विचारलं हा कोण, तर सांगा, हबशी होता, आपल्याकडचा.