खिशातल्या नोटेची किंमत ठरते कशी? हाली, एस्कुडो आणि रुपयाची गोष्ट

५०० रुपयांची नोट निपाणीच्या बाजारात चालते, पणजीत चालते आणि इंदूरच्या सराफ्यातही चालते. तिच्या मागच्या बाजूला मराठी, कोकणी, कन्नड, गुजराती, तेलुगू, उर्दूसह १५ भाषांच्या पट्टीत तिची किंमत छापलेली असते. पण ही नोट बँकेत नेली म्हणून तिच्या बदल्यात सोनं मिळत नाही. मग या कागदाला किंमत येते कुठून?

फियाट चलन म्हणजे काय?

सोन्या-चांदीच्या बदल्यात नव्हे, तर कायद्याच्या आणि लोकांच्या भरवशावर चालणाऱ्या पैशाला ‘फियाट चलन’ म्हणतात. १९५७ च्या दुरुस्तीनुसार नोटा काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेला किमान २०० कोटी रुपयांचा साठा ठेवावा लागतो. त्यात ११५ कोटींचं सोनं असणं बंधनकारक आहे. नोटा कितीही वाढल्या तरी ही किमान रक्कम तेवढीच राहते. म्हणजे नोटा किती असाव्यात, हे सोनं ठरवत नाही.

सत्ता गेली की चलन जातं

निजामाच्या राज्यात, म्हणजे आजच्या मराठवाड्यातही, ‘हाली’ रुपया चालायचा. शेजारच्या ब्रिटिश मुलखातला रुपया तो ‘कलदार’. साधारण ७ हालीला ६ कलदार असा भाव होता. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, पण हाली लगेच गेला नाही. तो १९५९ मध्ये कायमचा बंद झाला.

गोव्यात पोर्तुगीजांनी १९५८ मध्ये जुन्या ‘रुपिया’च्या जागी एस्कुडो आणला, एका रुपियाला ६ एस्कुडो या दराने. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि एस्कुडोची जागा भारतीय रुपयाने घेतली. कागद तोच, शाई तीच. पण नोटेमागची सत्ता गेली आणि नोट फक्त संग्रहाची वस्तू उरली.

महागाई: नोट न बदलता होणारी झीज

सत्ता कायम असली तरी पैशाची किंमत घटू शकते. बाजारात मालापेक्षा पैसा वेगाने वाढला, किंवा इंधन, धान्य, भाजीपाला यांची टंचाई झाली, की भाव चढतात. हिशेब सोपा आहे. ७२ ला महागाईच्या दराने भागा. तेवढ्या वर्षांत पैशाची खरेदीची ताकद साधारण निम्मी होते. महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत, ४ टक्के असेल तर १८ वर्षांत.

रिझर्व्ह बँक काय करते?

१ एप्रिल १९३५ ला सुरू झालेल्या या बँकेवर २०१६ पासून महागाई आवरण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. लक्ष्य ४ टक्क्यांचं, खाली-वर २ टक्क्यांची सूट. व्याजदर सहा जणांची पतधोरण समिती ठरवते. त्यात तिघे बँकेचे, तिघे केंद्र सरकारने नेमलेले.

रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने थोड्या मुदतीचं कर्ज देते तो दर. तो वाढला की घर-गाडीचं कर्ज महागतं, मागणी थंडावते आणि भावांवरचा ताण कमी होतो. २०२२ मध्ये महागाई सलग तीन तिमाही ६ टक्क्यांच्या वर राहिली, तेव्हा कायद्यानुसार बँकेला सरकारला लेखी कारणं द्यावी लागली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला गेला.

या उपायालाही मर्यादा आहेत. अवकाळी पावसाने कांदा सडला, तर रेपो वाढवून तो बाजारात येत नाही. शिवाय कर्जाचा हप्ता वाढतो, तो सामान्य माणसाचाच.

ठेवीदाराने काय पाहावं?

मुदत ठेवीवर ६.५ टक्के व्याज आणि महागाई ६ टक्के असेल, तर खरी वाढ फक्त अर्धा टक्का. कर भरावा लागला तर तीही जाते. म्हणून पासबुकातला आकडा वाढला एवढ्यावर समाधान न मानता, त्या पैशात पुढच्या वर्षी किती किराणा येईल, हे पाहावं.