सोमवारची धाप

शिवडीत कुणी लांबलचक खोकला काढला, की ऐकणाऱ्याच्या मनात आधी क्षय यायचा. महापालिकेचं क्षयरोग रुग्णालयच शेजारी, त्यात नवल नाही. पण गिरणगावात छातीचा आणखी एक आजार होता, आणि त्याला वार ठरलेला होता.

१९२०च्या दशकात कुलाब्याचा कापूसबाजार शिवडीलगत कॉटन ग्रीनला आला. आसपासच्या गिरण्यांत गाठी फुटायच्या, ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात तूस हवेत तरंगायचं. रविवारची सुट्टी संपवून माणूस भोंग्यासरशी आत जायचा आणि पाळी सुटेपर्यंत छाती आवळून यायची. मंगळवारी बरं वाटायचं, म्हणून कुणी मनावर घ्यायचं नाही. हा बिसिनोसिस. १९५०च्या दशकात शिलिंग यांनी लँकेशायरचे कामगार तपासून याच्या पायऱ्या लावल्या, त्याही वारावरून: अधूनमधून सोमवारी, दर सोमवारी, मग इतर दिवशीही. शेवटच्या पायरीवर वार उरत नाही, धाप कायमची.

एक्स-रेवर क्षयाचा डाग दिसतो. बिसिनोसिसची तशी खूण नसते. पाळीआधी आणि पाळीनंतर कामगाराला यंत्रात फुंकायला लावून फरक मोजावा लागतो. परळच्या केईएममधले डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. निष्कर्ष १९८१मध्ये छापून आले. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. अनेकांच्या आयुष्यात गिरणीचा सोमवार पुन्हा आलाच नाही.

धाप मात्र सोबत राहिली. श्वासाचा हुकूम मेंदूच्या बुंध्यातून सुटतो, आणि तिथली मुख्य राखण असते कार्बन डायऑक्साइडवर. या वायूचं हे महत्त्व हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५मध्ये दाखवलं. श्वासनळ्या वर्षानुवर्षं आकसलेल्या राहिल्या, की हा वायू रक्तात साचतो आणि मेंदू त्याला सरावतो. मग मानेतल्या धमन्यांजवळच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या कॅरॉटिड बॉडींवर जास्त भार पडतो. त्या प्राणवायू कमी झाला की हाकाटी करतात. त्यांचं काम उलगडणाऱ्या हेमन्स यांना १९३८चं नोबेल मिळालं.

म्हणूनच अशा म्हाताऱ्याला वॉर्डात आणल्यावर घरचे लोक प्राणवायू वाढवा म्हणतात, आणि डॉक्टर बेतानंच सोडतात. तो भरमसाट दिला, तर ही हाकाटी मंदावते, फुप्फुसात हवा आणि रक्ताचा मेळही बिघडतो, नि कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. बोटावरच्या यंत्रात ८८ ते ९२ दिसलं, की पुरे.