चहावाल्यांचे दप्तर

लंडनच्या पिकॅडिलीत 1894 साली चहाचे पहिले दुकान थाटणाऱ्या जे. लायन्स कंपनीने सत्तावन्न वर्षांनी कचेरीच्या नित्य हिशेबाला जुंपलेले जगातले पहिले गणकयंत्र चालविले, हे ऐकून प्रथम हसू येते. परंतु चहापावाचा धंदा म्हणजे पैपैच्या अगणित व्यवहारांचा जमाखर्च, आणि तो लिहिणाऱ्या कारकुनांच्या वेतनातच नफा विरघळून जाण्याची धास्ती मोठी.

1923 मध्ये केंब्रिजचा गणिती जॉन सिमन्स या पेढीत आला, आणि पुढील दशकात कामाच्या पद्धती तपासण्यासाठी तेथे एक स्वतंत्र कचेरीच निघाली. कोणता कागद कोणाच्या मेजावर जातो, तेथे किती दिवस पडून राहतो, त्याची नक्कल कशासाठी ठेवतात आणि ती पुढे कोणी वाचतो काय, एवढेच ती वर्षानुवर्षे विचारीत राहिली. (आपल्याकडे हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याची बदली ठरलेलीच!)

1947 साली टॉमसन आणि स्टँडिंगफर्ड हे लायन्सचे दोन अधिकारी कचेरीच्या नव्या पद्धती पाहावयास अमेरिकेत गेले, तेव्हा तेथील गणकयंत्रांचे जाणकार गोल्डस्टाइन यांनी त्यांना मायदेशीच्या केंब्रिजमध्ये असेच यंत्र उभारणाऱ्या मॉरिस विल्क्स यांचा पत्ता दिला. विल्क्स यांच्या 'एडसॅक' या गणकयंत्राला लायन्सने द्रव्यसाहाय्य केले, आणि त्याच धर्तीवर जॉन पिंकर्टन यांनी लायन्सचे स्वतःचे 'लिओ' उभारले. नोव्हेंबर 1951 पासून बेकरीच्या मालाची किंमत त्यावर काढली जाऊ लागली. पुढे पगारपत्रकेही आली. कारकुनाला आठ मिनिटे लागत तो एका माणसाचा हिशेब यंत्र दीड सेकंदात उरकी, हा आकडा कौतुकाने सांगतात.

मला मात्र 1954 मधील दुकानांच्या मागणीचे काम अधिक मोलाचे वाटते. जुनी मागणीपत्रे जशीच्या तशी यंत्राच्या गळ्यात बांधण्याऐवजी 'लिओ'वरील कामांची आखणी करणाऱ्या डेव्हिड कॅमिनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मूळ शिरस्ताच बदलला. प्रत्येक वाराची ठरीव मागणी यंत्रापाशी कायम. दुकानाच्या व्यवस्थापिकेने फक्त फरक कळवावयाचा. कामाचा ओघ आधी आकृतीत मांडावयाचा, दुसऱ्याने तो रेघ न् रेघ ताडून पाहावयाचा, आणि मगच यंत्राच्या भाषेत उतरवावयाचा, असा दंडक होता.

दुपारी नेमल्या वेळी दुकानात टेलिफोन वाजे. पलीकडे हेडफोन घालून बसलेली मुलगी ऐकता ऐकताच कार्डाला छिद्रे पाडी: पाव चार कमी, केक दोन अधिक.