पटावरचे युद्ध आणि कावेरीकाठचे युद्ध

कुंभकोणम् हे नाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. इंदूर आणि बडोदे या संस्थानांची दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव 1828 मध्ये ह्याच गावी जन्मले. तंजावरच्या भोसले राजांच्या राज्यातले, राजधानीपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरचे हे देवळांचे गाव. त्याच्या उत्तरेस कावेरी, दक्षिणेस अरसलार, आणि कावेरीच्याही पलीकडे कोल्लिडमचे रुंद पात्र. यात्रेकरू येथे महामहम् तलावात स्नान करतात. गणिताचे भक्त रामानुजन यांचे छोटेसे घर शोधीत येतात. पण कोल्लिडमच्या काठी अन्नगुडी नावाचे ठिकाण आहे, त्याची विचारपूस क्वचितच कोणी करीत असेल. 1782 च्या फेब्रुवारीत तेथे दोन दिवस जी लढाई झाली, ती हिंदुस्थानच्या इतिहासात फार मोठी मानली जात नाही. मात्र एका वेगळ्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी ती लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. तो प्रश्न असा की, युद्धाचा खेळ खरोखरीच्या युद्धासारखा करावयाचा झाला, तर त्यात घालावे काय आणि सोडावे काय?

हा प्रश्न पोरखेळाचा नव्हे. आज घराघरांतील तरुण मुले संगणकाच्या पडद्यावर सैन्ये उभी करतात, तोफा हाकतात, किल्ल्यांना वेढे घालतात. 2009 मध्ये इंग्लंडातील क्रिएटिव्ह असेंब्ली ह्या संस्थेने काढलेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ ह्या खेळात तर अठराव्या शतकातील मराठा राज्यसंघाचे नेतृत्व खेळणाऱ्याकडे येऊ शकते. इतिहासाच्या पुस्तकातून पानिपत ज्याच्या पचनी पडले नाही, तो मुलगा ह्या खेळात मराठी घोडदळ दिल्लीपर्यंत नेऊन मोकळा होतो! तेव्हा सैन्य म्हणजे काय, पराभव कशाने होतो, याविषयीच्या पुष्कळांच्या कल्पना यापुढे अशा खेळांतूनच घडणार आहेत, हे गृहीत धरलेले बरे.

खेळाच्या रूपाने युद्ध मांडण्याची विद्या मूळची आपल्याच देशातली. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगे : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. त्यांतूनच आपले बुद्धिबळ निघाले. चतुरंगाच्या कर्त्याने एक गोष्ट अचूक हेरली होती. प्रत्येक अंगाची चाल निराळी, आणि त्या निराळेपणातच सेनापतीच्या बुद्धीची कसोटी. परंतु पटाच्या सोयीसाठी त्याने बाकी पुष्कळ काही गाळले. पटावरचा घोडा थकत नाही. प्याद्याला भूक लागत नाही, आणि शेजारचे प्यादे पडले म्हणून ते पळूनही जात नाही. हत्ती उलटून स्वतःच्याच सैन्यात घुसत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही खेळाडूंना सारा पट सारखाच स्वच्छ दिसतो. आता हा पट बाजूला ठेवून अन्नगुडीच्या मैदानाकडे वळावे.

हैदरअलीने 1780 च्या जुलैत कर्नाटकात स्वारी केली, आणि पुढच्याच वर्षी तंजावरचा सुपीक मुलूख तिच्या वरवंट्याखाली सापडला. गादीवर तुळजाजी राजे होते. 1773 मध्ये अर्काटच्या नबाबाने त्यांचे राज्य घेतले होते, ते 1776 मध्ये कंपनीने परत देवविले. आणि त्या उपकाराबरोबर कंपनीची फौजही तंजावरात आली. ह्या फौजेतील एक तुकडी घेऊन कर्नल जॉन ब्रेथवेट हा कोल्लिडमच्या काठी उघड्या मैदानात तळ देऊन राहिला होता. त्याच्याजवळ सुमारे शंभर गोरे शिपाई, पंधराशे देशी पायदळ आणि तीनशे स्वार होते, शिवाय काही तोफा. शत्रू अद्याप दूर आहे, मध्ये नद्या आहेत, अशी त्याची समजूत होती.

ही समजूत करून देणारे त्याचे स्वतःचे हेर होते, आणि ते टिपूने फोडलेले होते. त्याच मुलखातील एका माणसाने येऊन खरी बातमी सांगितली, पण पगारी हेरांच्या ग्वाहीपुढे कर्नलाने ती मानली नाही, असे इंग्रज इतिहासकारच नमूद करतात. आणि 16 फेब्रुवारीस टिपू समोर उभा राहिला. त्याच्याबरोबर दहा हजार घोडदळ, दहा हजार पायदळ, वीस तोफा, आणि लाली नावाच्या सरदाराच्या हाताखाली चारशे युरोपीय शिपाई होते.

येथे क्षणभर हिशोब करून पाहू. एका बाजूस वीस हजारांवर, दुसऱ्या बाजूस एकोणीसशे. म्हणजे प्रमाण दहास एकाहून थोडे अधिकच. पहिल्या महायुद्धाच्या काळात लँचेस्टर नावाच्या इंग्रज अभियंत्याने सैन्याच्या झिजेचे एक गणित मांडले. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक शिपायास शत्रूच्या कोणाही शिपायावर नेम धरता येत असेल, तर सैन्याचे बळ संख्येच्या नव्हे, तर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्याचे म्हणणे. हे सूत्र रणनीतीचे खेळ रचणाऱ्यांना आजही मार्गदर्शक वाटते. परंतु ते अन्नगुडीला जसेच्या तसे लावले, तर टिपूचे बळ शंभरपट भरते आणि लढाई घटकाभरात संपावयास हवी. ती 18 तारखेपर्यंत चालली.

असे का झाले? लँचेस्टरचे गणित चुकलेले नाही. त्याची अट येथे पुरी होत नव्हती, इतकेच. ब्रेथवेटने आपल्या पायदळाचा पोकळ चौकोन रचला, चारी बाजूंना मधूनमधून तोफा ठेवल्या आणि स्वार आत घेतले. अशा चौकोनावर दहा हजार स्वार एकदम तुटून पडूच शकत नाहीत. बाजूच्या लांबीत मावतील तेवढेच पुढे, बाकीचे मागे खोळंबलेले. त्यातून घोडा हा शहाणा प्राणी आहे. संगिनींच्या कुंपणावर तो आपण होऊन उडी घेत नाही. टिपूच्या तोफा चौकोनाला खिंडारे पाडीत, मग घोडदळाचा लोट येई, बंदुकांची फैर झडे, लोट परते, आणि आतले तीनशे स्वार बाहेर पडून परतणाऱ्यांचा पाठलाग करून पुन्हा आत येत. हे एकदा नव्हे, अनेकदा घडले. शेवट केला तो घोडदळाने नव्हे. लालीचे चारशे शिपाई संगिनी रोखून पायी चालून आले, आणि इतका वेळ दहा हजार घोड्यांपुढे न हललेली देशी पायदळाची रांग त्या चारशेंपुढे मोडली. लढून थकलेल्या, तोफांनी विरळ झालेल्या माणसांचा धीर कोणत्या क्षणी सुटेल, हे संख्येवरून सांगता येत नाही. पुढची कत्तल थांबविली तीही लालीनेच, असे सांगतात.

खेळ रचणाऱ्याला ह्या दोन दिवसांतून जे शिकता येते, ते पुष्कळ आहे. घोडदळ चौकोनावर आपटून फुटते. दाट उभा राहिलेला चौकोन तोफेच्या गोळ्याला आयता सापडतो. आणि तोफ एकटी सापडली की तिच्यावर घोडदळ भारी. मुलांच्या दगड, कागद, कात्रीच्या खेळासारखे हे चक्र आहे, आणि आजच्या बहुतेक युद्धखेळांचा सांगाडा ह्याच चक्रावर उभा असतो. ‘एम्पायर’मध्येही पायदळाला चौकोन रचता येतो. प्रत्येक पलटणीचा थकवा मोजला जातो, तिचे मनोधैर्य मोजले जाते, बगलेवरून हल्ला झाला की ते एकदम घसरते, आणि शेवटचा माणूस पडण्याच्या कितीतरी आधी पलटण पाठ फिरविते. चतुरंगाने जे गाळले होते, त्यातला हा मोठा भाग संगणकाने परत आणला, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

काडतुसांचे मात्र तसे नाही. लढाई चालू असता ती मोजकी असतात, परंतु ती संपून दुसरी लढाई सुरू झाली की सर्वांच्या पेट्या पुन्हा भरलेल्या! ह्या उदार कारभाराचा लाभ 1758 मध्ये दुसऱ्या एका लालीला झाला असता. हा फ्रेंचांचा सरसेनापती, अन्नगुडीच्या लालीहून अगदी वेगळा. तंजावरचे राजे प्रतापसिंह यांनी पूर्वी लिहून दिलेल्या छप्पन लाखांच्या खताची वसुली करावयास तो कारिकालहून निघाला. वाहतुकीला बैल नाहीत, धान्य नाही, खजिन्यात पैसा नाही. कीवळूरच्या देवळात द्रव्य सापडेना, तेव्हा सहा ब्राह्मणांना हेर ठरवून त्याने तोफेच्या तोंडी दिले. त्यानंतर त्या मुलखातील खेडुताने त्याला मूठभर तांदूळही विकला नसेल तर नवल नाही. तंजावरच्या तटाला तो भिडला, तोफांनी भगदाड पाडू लागला; पण मराठी स्वार बाहेरून रसद तोडीत होते, दारूगोळा संपत आला होता, आणि इतक्यात इंग्रजी आरमार कारिकालसमोर आल्याची वार्ता थडकली. ऑगस्टमध्ये वेढा उठला. जड तोफा मागे टाकून, उपाशी आणि तहानलेले ते सैन्य समुद्राकडे परतले. त्या काळच्या युरोपातील नावाजलेल्या पलटणी त्यात होत्या. त्यांचा पराभव बैल नसल्यामुळे झाला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नव्हे.

झोपेचेही असेच आहे. खुद्द तंजावरच्या मराठी राज्याच्या आरंभीची एक लढाई नोव्हेंबर 1677 मध्ये कोल्लिडमच्या उत्तरेस वालीकंडपुरम् येथे झाली. शिवाजी महाराज दक्षिणेतून परतल्यावर एकोजीराजांनी महाराजांच्या ठाण्यांवर चाल केली. समोर दोघांचाही बंधू संताजी भोसले. दिवसभराच्या झुंजीत एकोजींची सरशी झाली. संताजीचे सैन्य हटले. जिंकलेल्यांनी खोगिरे उतरविली, घोडे मोकळे केले आणि ते विसावले. रात्री संताजी परत फिरला. सकाळी जय दुसऱ्याच बाजूला होता. पडद्यावर एकदा ‘विजय’ अशी अक्षरे उमटली म्हणजे खेळ संपतो. कोल्लिडमच्या काठी तो तसा संपत नसे.

आता पुन्हा ब्रेथवेटच्या हेरांकडे यावे, कारण खरी गोम तेथे आहे. योगायोग असा की, अन्नगुडीच्या दोनच वर्षे आधी, 1780 मध्ये, जर्मनीतील ब्रन्सविक येथील हेल्विग ह्या गणितशिक्षकाने बुद्धिबळ वाढवून एक युद्धखेळ प्रसिद्ध केला होता. त्याच्या पटावर सोळाशेहून अधिक घरे होती. डोंगर, दलदल, पाणी निरनिराळ्या रंगांनी दाखविलेले. भूमी पटावर आली, पण पट अद्याप उघडाच राहिला. तो झाकण्याची युक्ती प्रशियाच्या राइसविट्झ पितापुत्रांच्या नावावर आहे. पित्याने 1812 मध्ये भूमीचे ठोकळे मांडलेले एक मेज राजाला सादर केले. मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, 1824 मध्ये ते मेज टाकून मोजमापाचा खराखुरा नकाशा घेतला, फाशांनी दैवाला जागा दिली, आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसविला. खेळाडूने हुकूम लिहून द्यावयाचा. निरोप्या घोड्यावरून पोहोचावयास जितका वेळ लागेल तितका जाऊ द्यावयाचा. आणि शत्रूचा जेवढा भाग आपल्या शिपायांना दिसू शकेल, तेवढाच पंचाने नकाशावर मांडावयाचा. प्रशियाच्या सेनेचा प्रमुख म्युफलिंग हा प्रथम हा खेळ नाइलाजाने पाहावयास बसला, आणि हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, असे उद्गार काढून उठला. पलटणीपलटणींतून हा खेळ गेला. खुद्द राइसविट्झच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. 1827 मध्ये त्याने आत्महत्या केली.

संगणकाला पंचाचे काम उत्तम साधावयास हवे होते. काय दाखवावे आणि काय झाकावे, हे त्याच्याच हाती असते. आजच्या खेळांत न पाहिलेला मुलूख अंधारात राहतो हे खरे. परंतु जे दिसते ते नेहमी सत्यच असते. टेहळणीच्या स्वाराने पाचशे शत्रू पाहिले तर पडद्यावर पाचशेच दिसतात. तो घाबरून पाच हजार सांगत नाही, पैसे खाऊन शून्यही सांगत नाही. हुकूमही दिल्या क्षणी पोहोचतो. अशा खेळात ब्रेथवेट कधीही अन्नगुडीला सापडला नसता. टिपूचे वीस हजार लोक नदी उतरण्यापूर्वीच तो तळ उचलून तंजावरच्या तटाआड गेला असता. खेळणाऱ्याला त्याच्याच हेरांनी फसवावे, हे रचनाकाराला नको असते, कारण मग गिऱ्हाईक खेळाला लबाड म्हणते. रचनाकाराची ही अडचण समजण्यासारखी आहे. परंतु तलवारीच्या मुठीवरची नक्षी अचूक काढण्यासाठी जितके श्रम घेतले जातात, त्यांतील काही खोट्या बातमीच्या वाट्याला आले असते, तर ते खेळ कावेरीकाठच्या युद्धाच्या पुष्कळ जवळ पोहोचले असते.

अन्नगुडीला धरलेले कैदी श्रीरंगपट्टणला नेण्यात आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हैदरअली वारला आणि टिपू गादीवर बसला. जखमी ब्रेथवेटची सुटका मंगळूरच्या तहानंतर, 1784 मध्ये झाली. पुढे 1793 मध्ये फ्रेंचांच्या पुदुच्चेरीला वेढा पडला, तेव्हा इंग्रजी फौजेचे आधिपत्य त्याच्याकडेच होते, आणि ते शहर त्याने घेतले.