अनेक पंचरेषांतील पुनरावृत्ती : गायनवृंदांसाठी टिपण

आपल्या उपासनेतील मराठी गीते बहुधा ध्रुवपद आणि कडवी अशा घडणीची असतात. अग्रगायक ध्रुवपद म्हणतो, भाविक तेच पुन्हा म्हणतात आणि तबला अखंड चालू राहतो. गाताना हे सोपे असते. संगणकावर पाश्चात्त्य पद्धतीने, म्हणजे पंचरेषांवर, लिहिताना मात्र येथेच घोटाळा होतो. गायकाच्या ओळीला पुनरावृत्ती हवी, तबल्याच्या ओळीला नको, असे वाटून आपण एकाच ओळीवर चिन्ह देऊ पाहतो.

आपल्या स्वरलिपीत हा पेच उद्भवत नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (1872-1931) यांच्या घराण्याचे आडनाव ज्या पलूस गावावरून पडले, ते पूर्वी तासगाव तालुक्यातच होते. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या पलुस्करांनी जी स्वरलिपी रचली, तीत मात्रा आणि तालाच्या खुणा स्वरांखाली येतात. समेला 1, खालीला +. ठेक्याला स्वतंत्र ओळ नसते. आवर्तन फिरून येणारच, हे तबलजीला सांगावे लागत नाही, आणि ओळ किती वेळा घ्यायची हे गायक ठरवतो. तासगाव-मिरज भागातील तबलजी व पेटीवादकांना हीच रीत परिचयाची आहे.

पंचरेषांची रीत निराळी. तेथे एकाखाली एक असलेल्या सर्व ओळी एकाच क्षणी चालतात. दोन टिंबांची दंडरेषा एका गायकाला नव्हे, तर काळालाच मागे नेते. म्हणून ती सर्वांना लागू होते. म्यूझस्कोरमध्ये ती एका ओळीवर ठेवली तरी सर्व ओळींवर उमटते. हा दोष नव्हे. अग्रगायकाच्या चार बारांना पुनरावृत्ती आणि तबल्याचे सलग आठ बार, अशी मांडणी केली तर पाचव्या बारापासून दोघांची गाठ पडणार नाही.

तबल्यासाठी उपाय वेगळ्याच चिन्हात आहे. तिरकी रेघ व दोन टिंबे असलेले, टक्केवारीच्या खुणेसारखे दिसणारे चिन्ह ‘मागचा बार तसाच वाजवा’ असे सांगते, आणि ते फक्त त्याच ओळीपुरते असते. केरव्याच्या आठ मात्रा आठ क्वेव्हर मानल्या, तर एक आवर्तन चार-चारच्या एका बारात बसते. दादऱ्याच्या सहा मात्रा सहा-आठच्या बारात. पहिल्या बारात ठेका लिहावा, पुढे हे चिन्ह द्यावे. लिलिपॉण्डमध्ये यासाठी ‘रिपीट पर्सेंट’ आणि सर्वांच्या पुनरावृत्तीसाठी ‘रिपीट व्होल्टा’ अशा दोन भिन्न आज्ञा आहेत. हा भेद मनात ठसला की निम्मे काम झाले.

दुसऱ्या वेळी वेगळे गायचे असेल तर? केवळ शेवट बदलत असेल तर ‘पहिला शेवट, दुसरा शेवट’ असे कंस पुरतात. भाविकांनी नुसते तेच म्हणायचे असेल तर ‘प्रथम अग्रगायक, नंतर सर्व’ एवढी सूचना कागदावर पुरे. मात्र संगणक ती वाचत नाही, तो दोन्ही वेळा सारखेच वाजवतो. दुसऱ्या वेळी आल्टो किंवा टेनरची साथ येणार असेल, तर आमच्या मते चिन्हाचा मोह सोडून आठही बार सलग लिहावेत. कागद थोडा जास्त लागेल. पण प्रत्येकाची वेगळी प्रत काढल्यावर कोणी मध्येच हरवणार नाही. मिस्सेत चाचपडण्यापेक्षा ते बरे!

कडव्यानंतर ध्रुवपदाकडे परतण्याची ‘दा कापो’ ही सूचनाही सर्वांनाच लागू असते. कडवी एकाच चालीची असल्यास स्वर एकदाच लिहून शब्द ओळीओळीने खाली मांडावेत.

एक खबरदारी. फिनाले या जुन्या प्रणालीचा विकास थांबवल्याचे तिच्या निर्मात्यांनी ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केले. तीत लिहिलेली गीते म्युझिक-एक्सएमएल रूपात काढून दुसरीकडे नेता येतात. नेल्यावर पुनरावृत्तीच्या खुणा आणि दोन्ही शेवट मूळ प्रतीशी ताडून पाहावेत आणि मगच प्रती छापाव्यात.