दिवा, घंटी आणि माहीमची खाडी : मुंबई उपनगरातल्या सायकलस्वाराचा कायदा

अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या चौकात लाल सिग्नलपाशी थांबलेला सायकलस्वार नेमका कोणता कायदा पाळत असतो? बहुतेकांचे उत्तर ‘मोटार वाहन कायदा’ असे येईल आणि ते चुकीचे असेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधले वाहतूक चिन्हे पाळण्याविषयीचे कलम ११९ मोटार वाहनाच्या चालकाला उद्देशून लिहिलेले आहे. पायाने चालणारी सायकल त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही.

सायकलस्वाराला आवरणारा कायदा वेगळा, अधिक जुना आणि मुळात पोलिसांचा आहे. त्याची मुळे इंग्लंडात सापडतात, म्हणून हा थ्रेड तिथून सुरू होतो.

१८३५ च्या इंग्रजी हमरस्ता कायद्यात बेफाम गाडी हाकणाऱ्याला शिक्षा सांगितली होती. तो लिहिला गेला तेव्हा आजच्यासारखी सायकल अस्तित्वातच नव्हती. पुढे सायकली आल्या, उतारावरून सुसाट धावू लागल्या आणि खटले उभे राहिले. सायकल ही ‘गाडी’ आहे काय? १८७९ साली टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यात न्यायालयाने होकार दिला. थोडक्यात, सायकल कायद्याच्या नजरेत वाहन झाली ती शिक्षा देण्याच्या निमित्ताने.

मात्र १८८८ मध्ये चित्र पालटले. त्या वर्षीच्या स्थानिक स्वराज्य कायद्याने, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटनेच, सायकलला गाडीचा दर्जा दिला. सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत दिवा लावावा आणि दुसऱ्याला मागे टाकताना घंटी वाजवावी, ही बंधने घातली. त्याच कलमाने सायकलींवर मनमानी उपविधी करण्याचे स्थानिक संस्थांचे अधिकार काढूनही घेतले. सायकलस्वाराने दिवा लावायचा, आणि त्या बदल्यात कोणत्याही गावाने त्याला स्वतःच्या लहरीने रस्त्यावरून हुसकायचे नाही, असा तो सौदा होता. या सौद्याचा पहिला भाग मुंबईत आला. दुसऱ्याचे काय झाले, ते पुढे दिसेल.

आता माहीमच्या खाडीवर या. १८४५ साली अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून तिथे कॉजवे झाला आणि मुंबई बेट साष्टीला जोडले गेले. १९२० मध्ये साष्टीचा दक्षिण भाग ठाणे जिल्ह्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला, मुख्यालय वांद्रे. खाडीच्या दक्षिणेला १९०२ चा मुंबई शहर पोलीस कायदा आणि पोलीस आयुक्तांचा अंमल होता, तर उत्तरेला १८९० चा जिल्हा पोलीस कायदा. अंधेरीहून घोडबंदर रस्त्याने, म्हणजे आजच्या स्वामी विवेकानंद मार्गाने, दादरकडे निघालेला १९३० च्या सुमाराचा एखादा कामगार कॉजवे ओलांडताच एका पोलीस कायद्यातून दुसऱ्यात शिरत असे. सायकल तीच, दिवा तोच, पण पुढच्या नाक्यावरचा शिपाई वेगळ्या अंमलातला.

स्वातंत्र्यानंतर ही भिंत पडली. १९५० मध्ये अंधेरी आणि घाटकोपर महापालिकेच्या हद्दीत आले, १९५७ मध्ये बोरिवली आणि मुलुंड. दरम्यान १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने आधीचे दोन्ही पोलीस कायदे मोडीत काढून संपूर्ण राज्याला एकच कायदा दिला. आज तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो आणि अजूनही लागू आहे.

हा कायदा बारकाईने वाचण्याजोगा आहे. ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत त्याने सायकल आणि तीनचाकी सायकल नाव घेऊन घातली आहे. कलम ९९ रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचे बंधन घालते. पण खरा ऐवज कलम ३३ मध्ये आहे. घोड्यावर बसणारे, गाडी हाकणारे, सायकल चालवणारे, पायी चालणारे आणि गुरे नेणारे अशा सर्वांच्या रस्तावापराचे नियमन करण्यासाठी नियम बनवण्याचा अधिकार ते शहरात पोलीस आयुक्तांना आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांना देते. (सायकलस्वार त्या यादीत गुरांपासून फार दूर नाही, हे नजरेतून सुटत नाही.) वाहनांवर किती दिवे असावेत, कुठे असावेत आणि कोणत्या वेळेत लावावेत, हेही याच कलमाखाली ठरते.

म्हणजेच, इंग्लंडने १८८८ मध्ये स्थानिक सत्तेकडून जो अधिकार काढून घेतला, तोच इथे पोलीस आयुक्तांच्या हाती ठेवला गेला. दिव्याची सक्ती आली, रस्त्यावरच्या हक्काची हमी आली नाही.

म्हणूनच महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीच्या आठवणींत सायकल आणि पोलीस भेटतात ते बहुधा संध्याकाळी. ‘विनादिवा’ आणि ‘डबल सीट’ हे दोन गुन्हे घराघरांत ठाऊक होते. हवालदाराने चाकातली हवा सोडून दिल्याचे किस्से पुण्यापासून मुंबईपर्यंत सांगितले जातात. ती शिक्षा कोणत्याही कलमात नव्हती, तरी तिची दहशत दंडापेक्षा मोठी होती. अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि बदल्यात धातूचा बिल्ला देत. बिल्ला नसला तर आणखी एक निमित्त मिळे.

दिव्यावरच एवढा रोख का? कारण दिवा नसणे लांबूनही दिसते. वेग मोजावा लागतो, निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. विझलेल्या दिव्याला साक्षीदार लागत नाही. त्यात तेलाचा दिवा पावसाळ्यात पेटता ठेवणे म्हणजे थेट वाऱ्याशी झुंज. पुढे डायनॅमो आला; त्याने पायांवरचा भार वाढवला आणि सायकल थांबली की उजेडही थांबे. तेव्हा नाका जवळ आला की खाली उतरून सायकल ढकलत न्यायची, ही युक्ती सर्वत्र रूढ झाली. तिच्यामागे पक्की कायदेशीर समज होती : बसलेला तो सायकलस्वार, उतरलेला तो पादचारी.

नंतर रस्ता मोटारीचा झाला आणि कायद्याचे लक्षही तिकडे वळले. मुंबईत २०१६ पासून ई-चलान सुरू झाले. त्याचा सारा डोलारा नंबरप्लेटवर उभा आहे, आणि सायकलीला नंबरप्लेट नसते. बेफाम वाहन चालवण्याचे भारतीय दंड संहितेचे कलम २७९, जे २०२४ पर्यंत अमलात होते, ‘कोणतेही वाहन’ म्हणत असल्याने सायकलीलाही लागू होत असे. पण रोजच्या व्यवहारात सायकलस्वार दंडाच्या वहीतून जवळपास निसटला. ही सुटका म्हणता येत नाही. वहीतून जो निसटला, तो रस्त्याच्या आराखड्यातूनही निसटला होता.

पुरावा पाहा. १९८९ च्या रस्ता नियमांनी मोटारचालकाला पदपथावर वा सायकल मार्गिकेवर गाडी घालण्यास मनाई केली. हे संरक्षण मोलाचे खरे, पण त्यासाठी मार्गिका असावी लागते. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास ती झाली आणि लवकरच उभ्या मोटारींनी गिळली. पवई तलावाच्या काठी महापालिकेने सायकल मार्ग आखला, पण तो पाण्यात भर घालणारा ठरला. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून तलावकाठ पूर्ववत करण्याचा आदेश दिला. निकाल योग्यच होता. रस्त्यातली एक पट्टी मोटारीकडून काढून घेण्यापेक्षा तलाव बुजवणे सोपे वाटले, यातच नियोजनाची दृष्टी कळते.

जगात अन्यत्र उलट दिशेचे प्रयोगही झाले. अमेरिकेतील आयडाहो राज्याने १९८२ मध्ये सायकलस्वाराला ‘थांबा’ फलकापाशी वेग कमी करून, वाट मोकळी असल्यास न थांबता पुढे जाण्याची मुभा दिली. तिथे सायकलचे स्वतंत्र स्वरूप ओळखून नियम लिहिला गेला. मुंबईत सायकलला स्वतंत्र ओळख मिळते ती मुख्यतः मनाईच्या फलकावर.

अपवाद एक आहे आणि तो पोलिसांच्याच नावावर आहे. २७ मार्च २०२२ पासून मुंबई पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट’ हा उपक्रम सुरू केला. रविवारी सकाळी काही तास ठरावीक रस्ते मोटारींना बंद. मुलुंडची तानसा जलवाहिनी, अंधेरीचे लोखंडवाला आणि विक्रोळीजवळचा पूर्व द्रुतगती मार्ग ही त्यांतली उपनगरांतली ठिकाणे. रस्ता कुणी वापरावा हे ठरवण्याचा पोलिसांचा जुना अधिकार त्या सकाळी सायकलस्वाराच्या बाजूने वापरला गेला. दुपारी रस्ता पुन्हा मोटारींचा.

आणि माहीमची खाडी? ३० जून २००९ रोजी तिच्या पश्चिमेला वांद्रे-वरळी सागरी सेतूचे उद्घाटन झाले. त्यावर दुचाकींना मनाई आहे आणि सायकललाही. अंधेरीहून वरळीला निघालेला, दिवा लावलेला, घंटी बसवलेला, डाव्या बाजूने जाणारा सायकलस्वार आजही वांद्र्याला पोहोचल्यावर डावीकडे वळतो आणि १८४५ च्या कॉजवेनेच खाडी ओलांडतो.