बॅरिस्टर (काटोल–नागपूर न्यायक्षेत्र)

बॅरिस्टर : इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयांत पक्षकाराची बाजू मांडण्याचा अधिकार मिळालेला कायदेपंडित. मराठीत नावाआधी ‘बॅ.’ लावण्याची प्रथा पडल्यामुळे ही एखादी विद्यापीठीय पदवी असावी, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. हा अधिकार विद्यापीठ देत नाही. लंडनमधील लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या चार जुन्या संस्था तो देतात. विद्यार्थ्याने तिथे नाव नोंदवायचे, ठरलेल्या सत्रांत संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवायचे, परीक्षा द्यायच्या आणि मग त्याला ‘बार’मध्ये पाचारण व्हायचे. जेवणाची ही अट आपल्याकडे चेष्टेचा विषय झाली, पण तिचा हेतू गंभीर होता. उमेदवाराने बुजुर्ग वकिलांच्या पंगतीला बसावे, त्यांची बोलण्या-वागण्याची रीत उचलावी, हे शिक्षणाचेच अंग मानले जाई. महात्मा गांधी इनर टेंपलचे, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे बॅरिस्टर.

प्रस्तुत नोंद नागपूर जिल्ह्यातील काटोल तालुका आणि तेथील दावे ज्या नागपूरच्या न्यायालयांत जात, तेवढ्या क्षेत्रापुरती आहे. बॅरिस्टर लंडनहून सनद घेऊन येई, पण त्याची वकिली घडवली ती इथल्या जमिनीने, जंगलाने आणि झाडांनी.

काटोल हे नागपूर–इटारसी लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध. पूर्वी नरखेडचा मुलूखही याच तालुक्यात होता आणि मोवाडच्या बाजूने त्याची हद्द वर्धा नदीला भिडत असे. नदीच्या पलीकडे वऱ्हाड. वकिलीच्या दृष्टीने ही हद्द फार महत्त्वाची होती. अलीकडचा मुलूख भोसल्यांच्या राज्याचा. तो खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांतात गेला आणि तिथे मालगुजारी पद्धत रुजली. पलीकडचे वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेले आणि तिथे रयतवारी. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला, तरी जमिनीचे कायदे वेगळेच राहिले : इकडे १९१७ चा मध्य प्रांत जमीन महसूल कायदा आणि १९२० चा कूळकायदा, तिकडे १९२८ ची वऱ्हाड जमीन महसूल संहिता. दोन्ही काठांवर सोयरीक असलेल्या कुटुंबाचा वाटणीचा दावा उभा राहिला, की वकिलाला दोन प्रकारचे कायदे उघडावे लागत.

मालगुजारी गावातील तंटे हा या वकिलीचा कणा होता. गावाची मालकी सोळा आणे धरून भागीदारांत आणे-पैंनी वाटलेली असे. सरकारभरणा करणारा लंबरदार एक, हिस्सेदार अनेक. मालगुजाराची सीर आणि खुदकास्त जमीन कोणती, कुळाचा कब्जा किती पक्का, मालिक-मकबुजा कोणाला म्हणायचे, गावकऱ्यांना जंगलातून सरपण आणि चराई म्हणजेच निस्तार घेण्याचा हक्क कुठवर, वाजिब-उल-अर्जात गावाची कोणती वहिवाट नोंदली आहे, अशा प्रश्नांवर पिढ्यान्‌पिढ्या दावे चालत. कागद उर्दू-फारसी शब्दांनी भरलेले, साक्षी मराठीत आणि युक्तिवाद इंग्रजीत. तालुक्याचा वकील कागद जमवी, साक्षीदार हुडके आणि पक्षकाराला घेऊन नागपूर गाठी. मुंबई आणि कलकत्त्याच्या उच्च न्यायालयांच्या मूळ शाखेत सॉलिसिटर आणि बॅरिस्टर अशी जी दुहेरी विभागणी होती, ती नागपुरात नव्हती. तरीही बॅरिस्टरच्या यशामागे तालुक्याच्या वकिलाने बांधलेली फाइल असे. त्या वकिलांची नावे छापील निकालपत्रांत क्वचितच सापडतात, ही या पेशाच्या इतिहासातील खरी उणीव आहे.

नागपुरात आधी ज्युडिशिअल कमिशनरचे न्यायालय होते. २ जानेवारी १९३६ रोजी तेथे उच्च न्यायालय स्थापन झाले आणि सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायाधीश झाले. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ ही देशभरच्या वकिलांच्या कपाटात असणारी निर्णयमालाही नागपूरचीच. तिचे खंड १९१४ पासून मिळतात.

या बारमधील दोन बॅरिस्टरांची कारकीर्द पाहिली, की पेशाचा सारा आवाका कळतो. व्हिव्हियन बोस (१८९१–१९८३) हे नागपूरचे नामवंत वकील सर बिपिन कृष्ण बोस यांचे नातू. केंब्रिजमध्ये शिकून १९१३ मध्ये ते मिडल टेंपलचे बॅरिस्टर झाले. नागपुरात वकिली करता करता ते १९२४ ते १९३० या काळात विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुढे सरकारी वकील, १९३६ मध्ये नव्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, १९४९ मध्ये मुख्य न्यायाधीश आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. मोहम्मद हिदायतुल्ला (१९०५–१९९२) हे रायपूरच्या शाळेतून नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले, तेथून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि १९३० मध्ये लिंकन्स इनचे बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी त्यांनी नागपुरात वकिली सुरू केली. १९४२ मध्ये सरकारी वकील, १९४३ मध्ये महाधिवक्ता, १९४६ मध्ये न्यायाधीश, १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि १९६८ ते १९७० भारताचे सरन्यायाधीश, अशी त्यांची चढण. पुढे ते उपराष्ट्रपती झाले. वकिलीच्या ऐन काळातही त्यांनी विधी महाविद्यालयात शिकवणे सोडले नाही. कोर्ट आणि वर्ग यांची ही जोडी या पिढीतील नागपूरकर बॅरिस्टरांचा लक्षात ठेवावा असा विशेष आहे.

मालगुजारी संपली, तेव्हा दाव्यांचा एक नवाच हंगाम आला. मध्य प्रदेशचा १९५० चा मालकी हक्क निर्मूलन कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि मालगुजारांची व जमीनदारांची मालकी सरकारात जमा झाली. अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव यांनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये कायदा वैध ठरवला. त्यानंतर प्रश्न उरला तो असा : निर्मूलनापूर्वी जमीनदाराने कोणाला लाकूड, बांबू किंवा तेंदूपाने तोडण्याचा हक्क कराराने दिला असेल, तर तो टिकतो का? आणि त्याच्या पोटात आणखी मूलभूत प्रश्न दडलेला होता : जमिनीवर उभे झाड कायद्याने स्थावर की जंगम?

याचे उत्तर शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य (१९५८) या खटल्यात बोस यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात दिले. निवृत्तीनंतर ते तेव्हा पुन्हा सर्वोच्च न्यायालयात बसत होते. शांताबाईंच्या पतीने १९४८ मध्ये जमीनदारीच्या जंगलातील लाकूड नेण्याचा हक्क त्यांना लिहून दिला होता, पण तो दस्त नोंदणीकृत नव्हता. बोस यांनी झाड आणि ‘उभे इमारती लाकूड’ यांतील फरक उलगडून सांगितला. जे झाड लवकरच तोडायचे आहे आणि ज्याचे लाकूड तोडण्याजोगे झाले आहे, ते जमिनीवर उभे असले तरी जंगम. जे झाड मातीतून रस घेत वाढत राहणार आहे, ते स्थावर. म्हणजे झाडाचे कायदेशीर रूप त्याच्याबाबतच्या हेतूवर आणि काळावर ठरते. अशा दीर्घ हक्कासाठी दस्ताची नोंदणी लागते, म्हणून याचिका फेटाळली गेली. लगेच पुढच्या वर्षी महादेव विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात हिदायतुल्ला यांनी तेंदूपानांच्या करारांबाबत निर्णय लिहिला. तेंदूपाने म्हणजे पेरलेले पीक नव्हे आणि जमीनदारीतून निघालेले असे हक्क निर्मूलनाबरोबर सरकारकडे जातात, हा त्याचा गाभा. नागपूरच्या बारमध्ये वाढलेल्या दोघांनी दिल्लीत बसून झाडपाल्याचा कायदा पक्का केला, हा योगायोग नव्हता. त्यांचा आयुष्यभराचा सराव याच मुलखातील कागदांवर झाला होता.

काटोलच्या बागाईतदाराला हा फरक घरचाच. आंबिया किंवा मृग बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकण्याची रीत इथे आहे. नोंदणी कायद्याच्या व्याख्येनुसार झाडावरचे फळ जंगम, त्यामुळे नुसत्या बहाराच्या सौद्याला नोंदणी लागत नाही. बागच लिहून दिली, तर मात्र प्रश्न स्थावराचा होतो. भाव कोसळल्यावर व्यापारी उरलेली रक्कम देत नाही, गारपीट झाली की नुकसान कोणाचे यावर वाद पेटतो, आणि सौदा तोंडी असला तर पुरावा उभा करणे हेच वकिलाचे मोठे काम ठरते.

जमिनीखेरीज दुसरे मोठे क्षेत्र नागरी स्वातंत्र्याचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नागपूर उच्च न्यायालयापुढे स्थानबद्धतेची प्रकरणे आली. लिखाणाबाबतच्या भगवतीचरण शुक्ल प्रकरणातील बोस यांचे निकालपत्र ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या १९४७ च्या नागपूर विभागात पहिल्याच पानापासून छापलेले आहे. लिखाणाचा परिणाम जोखताना मापदंड समंजस आणि खंबीर मनाच्या माणसाचा असावा, जिथे तिथे धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनाचा नव्हे, हे तत्त्व त्यात आहे. ‘तमस’ या दूरदर्शन मालिकेवरील खटल्यात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच आधाराला घेतले.

काही बॅरिस्टर राजकारणात गेले. शेषराव वानखेडे १९७२ ते १९७७ महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. चंद्रपूरचे राजाभाऊ खोब्रागडे राज्यसभेचे उपसभापती झाले.

१९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकील, प्लीडर, मुखत्यार, बॅरिस्टर हे सारे भेद मिटवून ‘अधिवक्ता’ हा एकच वर्ग ठेवला. त्यातच ‘वरिष्ठ अधिवक्ता’ ही श्रेणी. ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत पाचारण झालेल्या बॅरिस्टरालाच त्या पात्रतेवर भारतात सनद मिळे. उच्च न्यायालयाचे स्वरूपही बदलले : १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत आले आणि आता तेथे त्याचे खंडपीठ आहे. शरद बोबडे आणि भूषण गवई हे दोन सरन्यायाधीश याच खंडपीठापुढे वकिली करून वर गेले. दोघेही भारतीय विद्यापीठांतून शिकलेले.

काटोलला आज दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. महसुली बाजूला तहसीलदार आणि उपविभागीय अधिकारी. सातबारा आणि फेरफारातील चुका, धुऱ्याचे आणि पांदण रस्त्याचे वाद, वारसांची वाटणी, १९५८ च्या विदर्भ कूळकायद्याचे जुने शिल्लक तंटे, अशी कामे इथे चालतात. भूसंपादनाच्या प्रकरणांत संत्र्याच्या बागेची किंमत हा कळीचा मुद्दा असतो. बागेच्या वार्षिक उत्पन्नाला ठरावीक पटीने गुणून भरपाई काढली, तर त्याच जमिनीची आणि झाडांची वेगवेगळी किंमत पुन्हा मागता येत नाही. म्हणून झाडांची संख्या, वय, बहार देण्याची उरलेली वर्षे आणि विहिरीची नोंद संपादनापूर्वीच सातबाऱ्यावर व पंचनाम्यात बरोबर आली आहे का, हे तालुक्याचा वकील सर्वांत आधी तपासतो.